पेटी, बाटली आणि गणना : बाटल्या उतरविणाऱ्या यंत्राचा इतिहास व चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनजिल्ह्यांतील नोंदी

१

यंत्रांच्या इतिहासात नवी वस्तू निर्माण करणाऱ्या यंत्रांना मानाचे स्थान मिळते. जी यंत्रे वस्तू केवळ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतात, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. सूत कातणारे, लोखंड ओतणारे, कागद बनविणारे यंत्र अभ्यासाचा विषय होते. पेटीतून बाटल्या बाहेर काढणारे यंत्र होत नाही. कारखान्यातील लोक त्यास 'अनकेसर' किंवा 'डीक्रेटर' म्हणतात. मराठीत त्यासाठी रूढ शब्द नाही. प्रस्तुत निबंधात त्यास 'उतरण-यंत्र' म्हटले आहे.

या यंत्राचे काम वरकरणी सामान्य आहे. पेटी येते, तीतील बाटल्या एकदम उचलल्या जातात, पट्ट्यावर उभ्या केल्या जातात आणि रिकामी पेटी पुढे निघून जाते. तथापि हे काम यंत्राकडे सोपविता यावे म्हणून बाटलीस, पेटीस आणि पेटीतील संख्येस जे रूप घ्यावे लागले, त्याचे परिणाम कारखान्याच्या भिंतींबाहेर फार दूरवर गेले. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या अलीकडील सामाजिक इतिहासात 'पेटी' हा शब्द शासकीय व वृत्तपत्रीय नोंदींत पुनःपुन्हा येतो. ही पेटी कोठून आली, ती काय मोजते आणि काय मोजत नाही, हे समजल्यावाचून त्या नोंदींचा पुरावा म्हणून उपयोग करणे धोक्याचे आहे. हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू होय.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. द्रवपदार्थ ठेवण्याच्या भांड्यांसाठी मराठीत शब्दांचा तोटा कधीच नव्हता. तेल-तुपासाठी चामड्याचा बुधला व बुधली, पाण्यासाठी पखाल, अत्तरासाठी वा औषधासाठी कुपी, आणि वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. यांपैकी 'कुपी' व 'तुंबा' हे संस्कृत परंपरेतून आलेले शब्द होत. 'शिशी' फारसीतील 'शीशा'पासून आली. 'बाटली' हा शब्द बहुधा पोर्तुगीज 'बोतेल्या'चे मराठी रूप आहे. म्हणजे भांडे आणि त्याचे नाव ही दोन्ही समुद्रमार्गे आली. याउलट 'पेटी' ही संस्कृत 'पेटक', 'पेटिका' यांच्या कुळातील, घरची म्हणावी अशी.

या जुन्या भांड्यांचा एक समान गुण ध्यानात घेण्याजोगा आहे : त्यांपैकी कोणतेही दुसऱ्यासारखे नसते. तुंबा वेलीवर जसा वाढला तसा असतो. बुधला कातड्याच्या आकारावर अवलंबून राहतो. मातीचे मडके कुंभाराच्या हातचे असते. म्हणून भांड्यावरून मालाचे मोजमाप होत नसे. त्यासाठी शेर, पायली, कुडव अशी स्वतंत्र मापे असत. भांडे वेगळे आणि माप वेगळे, अशी ही व्यवस्था होती.

चांदा प्रांतीच्या अरण्यातही हीच स्थिती होती. मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात पहाटे वेचावयाची, वाळवावयाची, भिजवून आंबवावयाची आणि मडक्यांच्या भट्टीवर त्यांचा अर्क काढावयाचा, ही गोंड, माडिया व इतर वनवासी समाजांची जुनी रीत. भामरागडकडे गोरगा या माडवर्गीय झाडाचा रस काढला जातो. हे पेय तुंब्यात भरले जाई आणि पानांच्या द्रोणात वाढले जाई. देवकार्य, लग्न, मर्तिक अशा प्रसंगांशी त्याचा संबंध असे. पेयाची गणना करण्याची गरज घरास नव्हती. ती प्रथम सरकारास भासली.

३

गणनेची ही गरज अबकारी खात्याबरोबर आली. मध्यप्रांताचा अबकारी कायदा १९१५ चा; परंतु कर बसवावयाचा तर द्रव मोजता आला पाहिजे, ही अडचण त्याहून जुनी होती. ब्रिटिश अमदानीत एका गॅलनच्या सहा बाटल्या हा हिशेब रूढ होता. इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटरांचा, म्हणजे एक बाटली सुमारे ७५८ मिलिलिटरांची. बारा बाटल्यांची पेटी म्हणजे दोन गॅलन. बाटली येथे केवळ भांडे राहिली नाही, तर ती स्वतःच माप झाली. भांडे आणि माप यांचा वियोग संपून ती एकरूप झाली, हा या इतिहासातील पहिला टप्पा होय.

परंतु हाताने फुंकलेली बाटली माप म्हणून विश्वासार्ह नसते. दोन कारागिरांच्या सोडाच, एकाच कारागिराच्या दोन बाटल्याही उंचीने व जाडीने तंतोतंत सारख्या उतरत नाहीत. ही उणीव अमेरिकेत मायकेल ओवेन्स याने १९०३ च्या सुमारास सिद्ध केलेल्या स्वयंचलित बाटली-यंत्राने भरून काढली. त्यापूर्वी १८९२ मध्ये विल्यम पेंटर याने दातेरी पत्र्याच्या टोपणाचे स्वामित्व घेतले होते. असे टोपण बसण्यासाठी बाटलीचे तोंड ठरावीक मापाचेच असावे लागते. आपल्याकडे परिचित असलेली गोटी सोड्याची बाटली ही हिरम कॉड या इंग्रज गृहस्थाची १८७२ ची कल्पना. तीही एकसारख्या गळ्यावाचून निरुपयोगी. अशा प्रकारे बाटलीचा गळा सर्वप्रथम नियमबद्ध झाला. पुढे उतरण-यंत्राने बाटली नेमकी याच गळ्याशी धरली.

पेटीचा इतिहास याला समांतर आहे. लाकडी फळ्यांची, खिळे ठोकलेली, आत आडव्या-उभ्या पट्ट्यांनी खण पाडलेली पेटी दीर्घकाळ टिकली. अशा पेट्यांसाठी सागासारखे मोलाचे लाकूड कोणी वापरीत नसे. सावर, सलई यांसारखी हलकी व मऊ लाकडे उपयोगात आणीत. ही झाडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानगळी वनांत आढळतात. पन्हळी कागदाचा जन्म तर बाटलीशीच निगडित आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स याने १८७१ मध्ये त्याचे स्वामित्व घेतले ते बाटल्या व दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी. त्यापासून पुढे पुठ्ठ्याचे खोके झाले. फिरत्या बाटल्यांसाठी, म्हणजे ज्या रिकाम्या होऊन परत येतात त्यांसाठी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकचे क्रेट रूढ झाले. लाकडी पेटी पावसात फुगते, तिचे खिळे वर येतात, फळी निसटते. साच्यातून निघालेल्या क्रेटमध्ये हे दोष राहत नाहीत.

४

आता यंत्राकडे वळावे. बाटली भरण्याच्या कारखान्यात उतरण-यंत्राचे स्थान साखळीच्या आरंभी असते. परत आलेल्या पेट्या वाहक-पट्ट्यावरून येतात. उतरण-यंत्र बाटल्या बाहेर काढते. त्या धुलाई-यंत्रात, मग तपासणीसाठी, मग भरणीकडे आणि टोपण बसविणाऱ्या यंत्राकडे जातात. रिकामी पेटी स्वतंत्र मार्गाने धुतली जाऊन साखळीच्या शेवटी भरलेल्या बाटल्यांची वाट पाहते. म्हणजे आरंभी फुटलेल्या दोन वाटा शेवटी एकत्र येतात.

उतरण-यंत्राचे दोन प्रकार प्रमुख होत. पहिल्यात पेटी ठरलेल्या जागी अडविली जाते. वरून एक चौकट खाली येते; पेटीत जितके खण तितक्या पकडी तिला टांगलेल्या असतात. प्रत्येक पकड घंटेच्या आकाराची असून तिच्या आत रबरी अस्तर असते. पकड बाटलीच्या गळ्यावर बसली की दाबाखालील हवा सोडली जाते, अस्तर फुगते आणि गळा घट्ट धरला जातो. चौकट सर्व बाटल्या एकदम उचलते, बाजूस सरकते, त्या पट्ट्यावर टेकविते. हवा निघून जाते आणि पकड सुटते. काही यंत्रांत हे काम थांबून-थांबून होते, तर काहींत चौकटी चक्राकार फिरत राहतात व पेट्यांचा प्रवाह कोठेच थांबत नाही.

दुसरा प्रकार गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करून घेतो. काच-कारखान्यातून नव्या बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तोंड खाली करून भरलेल्या येतात. यंत्र खोके उलटे करते. बाटल्या आपोआप तोंड वर करून पट्ट्यावर उभ्या राहतात आणि खोके वर उचलून घेतले जाते. बहुधा त्याच खोक्यात पुढे भरलेल्या बाटल्या जातात.

दोन्ही प्रकारांत यंत्राला डोळे नसतात, हे महत्त्वाचे आहे. माणूस पेटी उतरवितो तेव्हा तो प्रत्येक बाटली पाहतो : ही फुटकी, ही दुसऱ्याच कारखान्याची, हिच्यात काडी अडकली आहे, हा खण रिकामा. हात त्याप्रमाणे आपोआप वळतो. यंत्राची पकड मात्र बाटलीचा गळा जेथे असावयास हवा तेथे बसते. प्रत्यक्षात तो तेथे आहे की नाही हे तिला ठाऊक नसते. बाटली कलली असेल तर पकड रिकामी परतते; पेटी वाकडी असेल तर काच फुटते. पुढे प्रकाश-संवेदक व कॅमेरे आले, पण तेही ठरलेल्या रूपापासून झालेला फरक तेवढा ओळखतात. म्हणून उतरण-यंत्राची खरी पूर्वअट त्याच्या रचनेत नसून त्याच्यापुढे येणाऱ्या मालात आहे : सर्व बाटल्या एका मापाच्या, सर्व पेट्या एका घडणीच्या आणि प्रत्येक पेटीतील संख्या निश्चित.

महाराष्ट्रातील मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या वसाहतीचे दूध पुढे कित्येक वर्षे काचेच्या बाटल्यांतून वाटले गेले. ग्राहकाने रिकामी बाटली केंद्रावर द्यावयाची आणि भरलेली न्यावयाची, असा रिवाज होता. एका शहरातील असंख्य घरांत रोज एकाच मापाची बाटली जावी व परत यावी, ही शिस्त आधी समाजात रुजावी लागते. यंत्र त्यानंतर येते. पुढे दुधाच्या प्लॅस्टिक पिशव्या आल्या, रिकामे भांडे परत येण्याचे थांबले, आणि दुधापुरते बाटली उतरविण्याचे कामच उरले नाही.

५

ही शिस्त वनजिल्ह्यांत कोणत्या रूपाने पोहोचली? मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चांदा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५९ मध्ये त्या कायद्याचा अंमल राज्याच्या उर्वरित भागांवर विस्तारण्यात आला. मद्याविषयीचे धोरण शिथिल झाल्यावर १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी दारू नियम आले आणि कारखान्यात भरलेली, सीलबंद बाटलीतील देशी दारू ही अधिकृत वस्तू झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे.

याप्रमाणे एकाच प्रदेशात दोन मद्ये एकमेकांशेजारी आली. एक मोहाचे, मडक्यात काढलेले, माप नसलेले. दुसरे कारखान्याचे, यंत्राने भरलेले, ज्याच्या प्रत्येक बाटलीवर माप, किंमत व उत्पादन-गटाचा क्रमांक छापलेला. उतरण-यंत्र या जंगलात कधी आले नाही. त्याने घडविलेली पेटी मात्र ट्रकमधून आली आणि दुकानात हातानेच उघडली गेली.

भाषेने या आगमनाची नोंद घेतली. ७५० मिलिलिटरांची बाटली 'खंबा' झाली, अर्धी 'अद्धा' आणि १८० मिलिलिटरांची 'पव्वा'. 'अद्धा' अर्धापासून, 'पव्वा' पावापासून. हा 'पाव' संस्कृत 'पाद' म्हणजे चतुर्थांश. जुना पावशेर आणि नवा पव्वा एकाच धातूची नाणी होत. १९५६ च्या वजनमापे कायद्याने दशमान पद्धती आणली. तरी पव्व्याचे नाव चतुर्थांशाचेच राहिले. वस्तुतः चार पव्वे मिळून ७२० मिलिलिटर होतात, ७५० नव्हे. जुन्या गॅलनचा हिशेब नव्या लिटरांत बसविताना पडलेली ही फट शब्दाने झाकून टाकली.

पेटीचेही तसेच झाले. जुन्या हिशेबाने बारा बाटल्या काय किंवा अठ्ठेचाळीस पव्वे काय, दोन गॅलनच. आज बारा खंब्यांची पेटी ९ लिटरांची, चोवीस अद्ध्यांची (३७५ मिलिलिटर) तीही ९ लिटरांची, परंतु अठ्ठेचाळीस पव्व्यांची ८.६४ लिटरांची असते. ६५० मिलिलिटरांच्या बारा बाटल्यांची बिअरची पेटी ७.८ लिटरांची. या सर्वांना नाव एकच : पेटी.

६

गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून तेथे कार्यरत होती. गावोगावच्या स्त्रिया या चळवळीचा कणा होत्या. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत स्त्रियांची पदयात्रा निघाली. १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी आली. रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठविण्याचा निर्णय घेतला. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान चालत आले आहे.

या सर्व काळात बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध जे वाद झाले, त्यांत जप्तीचे आकडे वारंवार पुढे केले गेले. अमुक इतक्या पेट्या पकडल्या, म्हणून बंदी परिणामकारक. किंवा अमुक इतक्या पेट्या पकडल्या, म्हणून बंदी निष्फळ. एकच आकडा दोन्ही पक्षांस चालतो, यावरूनच त्याची चिकित्सा व्हावयास हवी हे उघड होते.

पहिली गोष्ट अशी की पेटी हे यंत्राच्या सोयीसाठी घडलेले एकक आहे, मद्याच्या प्रभावाचे नव्हे. विदेशी प्रकारच्या मद्यात अल्कोहोलचे प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते. त्याच्या अठ्ठेचाळीस पव्व्यांच्या पेटीत सुमारे ३.७ लिटर शुद्ध अल्कोहोल येते. पाच ते आठ टक्क्यांच्या बिअरच्या पेटीत ते सुमारे ०.४ ते ०.६ लिटर भरते. सहा ते नऊपटींचा हा फरक 'पेटी' या एका शब्दात लोपतो. कोणत्या मद्याची व कोणत्या मापाची पेटी हे न सांगता केलेली बेरीज इतिहासकाराच्या उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट, चोरटी वाहतूक नेमकी पेटीच मोडते. बंद पेटी ओळखू येते. म्हणून बाटल्या खोक्यातून काढून दुसऱ्या मालात दडविल्या जातात. कारखान्यात यंत्र जे काम करते ते येथे अंधारात हाताने केले जाते, आणि हेतू नेमका उलट, म्हणजे गणना टाळण्याचा असतो. अशा मालाची नोंद पुढे 'नग' म्हणून होते किंवा पुन्हा पेट्यांत रूपांतरित केली जाते. पेटीतील आकडा आणि नगातील आकडा एकाच रकान्यात आले की दोन निराळ्या घटना एकरूप भासू लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोहाच्या दारूस पेटी नाही. तिच्या नोंदीत 'मोहसडवा' हा शब्द येतो. मोहसडवा म्हणजे आंबत ठेवलेला मोहाचा द्राव. अर्क काढण्यापूर्वीची ही अवस्था होय. तो ड्रमांत, मडक्यांत सापडतो, लिटरांत अंदाजला जातो आणि जागीच ओतून दिला जातो. त्याचा लिटर हा दारूचा लिटर नव्हे. म्हणून पेट्यांची संख्या वाढली वा घटली, एवढ्यावरून गावातील पिणे वाढले वा घटले असे अनुमान काढणे म्हणजे मोजता येणाऱ्या मद्यालाच मद्य समजणे होय. ज्या दुर्गम गावात ट्रक पोहोचत नाही तेथे पेट्यांचा आकडा शून्य असेल. पण तेवढ्याने तेथील घरांचा इतिहास कोरा ठरत नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी, नियमन वा निर्बंध घालण्याचा अधिकार मान्य केला. या अधिकारात पेटीचा उल्लेख नाही. गावाचे मोजमाप निराळे असते : कोणत्या घरी चूल पेटली नाही, बाजारातून मजुरी किती घरी आली, कोणाचा मार कोणी खाल्ला. स्त्रियांनी उभारलेल्या चळवळीचे बळ या मोजमापात होते, जप्तीच्या तक्त्यात नव्हे.

७

सारांश, उतरण-यंत्र स्वतः लहान असले तरी त्याच्यासाठी बाटली, पेटी व संख्या यांना निश्चित रूप द्यावे लागले. ती निश्चिती अबकारीच्या हिशेबाने आरंभिली, काचेच्या साच्याने दृढ केली आणि वाहक-पट्ट्याने अपरिहार्य केली. पुढे तीच पोलिसांच्या नोंदवहीत, वृत्तपत्राच्या बातमीत व समितीपुढील निवेदनात 'पेटी' या घरगुती शब्दाच्या रूपाने शिरली. शब्द ओळखीचा असल्यामुळे त्यामागील यंत्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दारूबंदीचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणून प्रत्येक आकड्यास तीन प्रश्न विचारणे आवश्यक आहे : ही पेटी कोणत्या मापाची, ती मोजली गेली तेव्हा बंद होती की फोडलेली, आणि तिच्याशेजारी मोहसडव्याचा रकाना होता की नव्हता. यंत्र रिकामा खण ओळखीत नाही. त्याची पकड खाली उतरते आणि तशीच वर जाते. अभ्यासकाने मात्र त्या रिकाम्या खणाशी थांबले पाहिजे.